गच्चीवरचं हळदीकुंकू आणि माझ्या टाचा

आमच्या घरात योगामुळे आजवर दोन माणसांच्या पाठी धरल्या, एक कुकर जळाला आणि मी योगशिक्षिका झाले. हे सगळं दीड वर्षात घडलं. कुकर नवा आणला, पाठी शेकून शेकून सुटल्या, योगशिक्षिका तेवढी घरात राहिली.

मी पारनेरच्या एका हायस्कुलात कारकून आहे. बोनाफाईड, शाळा सोडल्याचे दाखले, दहावीचे फॉर्म, सगळं माझ्या टेबलावरून जातं. धाकटा शंभू झाल्यावर खुर्चीत बसून बसून माझी कंबर अशी धरली, की शिंक आली तरी आधी टेबल पकडावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, "ताई, गोळ्या खाता का योग करता?" मी मोबाईलवर बघून बघून योग केला आणि तीन महिन्यांत कंबर सुटली. आता माणसाचं कसं असतं, आपलं बरं झालं की दुसऱ्याला बरं करायची खाज सुटते! एका रात्री जेवताना मी जाहीर केलं, "मी योगशिक्षिका होणार."

खरं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, ते आता सांगते. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या नावाचे दाखले लिहितेय. हजारो लिहिले असतील. मला एकदा, फक्त एकदा, माझ्या स्वतःच्या नावाचा एक दाखला हवा होता.

चौकशी केली तर मार्ग तीन निघाले. पहिला निवासी. नाशिकच्या बाजूला एका आश्रमात महिनाभर राहायचं, पहाटे उठायचं, मौन पाळायचं आणि आपलं ताट आपणच घासायचं. ("ताट घासायला नाशिकपर्यंत कशाला जायचं?" हा आमच्या ह्यांचा प्रश्न. ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे प्रश्न नेहमी मुळाशी जाणारे असतात.)

"म्हैनाभर?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आत्या म्हणते. "दोन्ही बाळंतपनं धरून शेवगावला म्हायेरी येवढी ऱ्हायली न्हाईस तू!"

"आत्या, तिथं मौन पाळायचं असतं. मनाला शांती मिळते."

"कुनी पाळायचं? तू?"

यावर आत्या, हे आणि सहावीतली ईश्वरी असे तिघं इतके हसले, की चार वर्षांचा शंभूसुद्धा काही न कळता ताट वाजवून हसायला लागला. दुसऱ्या दिवशी रजेसाठी मुख्याध्यापकांकडं गेले तर ते हसले नाहीत, उलट घाबरले. "मॅडम, दहावीचे फॉर्म तोंडावर आलेत. तुम्ही मौनात गेलात तर बोर्डाशी बोलायचं कुणी?" झालं, निवासी मार्ग तिथंच संपला.

दुसरा मार्ग शनिवार-रविवारचा, नगरला. हा मला फार पसंत पडला. पहिल्याच रविवारी एसटीत पाय ठेवला आणि शंभूनं स्टँडवर असं भोकाड पसरलं, की कंडक्टरच म्हणाला, "घ्या ना बाई त्याला, लोकांना वाटंल आमीच मारलं." घेतला. वर्गात दुपारपर्यंत तो गुणी बाळासारखा बसला. मग शवासन आलं. दिवे मंद केले, आम्ही सगळे आडवे झालो, समोर सरही आडवे झाले आणि शांत आवाजात म्हणाले, "आता हे शरीर आपलं नाही..." शंभूला ते पटलं असावं. तो उठला, चालत गेला आणि सरांच्या पोटावर बसून ओरडला, "चल रे घोड्या!"

सरांचा श्वास पूर्णपणे बाहेर गेला. तो आत यायला जरा वेळच लागला. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला बोलावून फार प्रेमानं सांगितलं, "ताई, तुमची तळमळ मला दिसते. पण ऑनलाइनसुद्धा एक चांगला वर्ग असतो हो."

तर तिसरा मार्ग ऑनलाइन. वर्षभर रोज पहाटे पाच ते साडेसहा मोबाईलवर वर्ग, शेवटी परीक्षक प्रत्यक्ष येऊन परीक्षा घेणार. नोकरी सांभाळून, पोरं सांभाळून, घरबसल्या! मला वाटलं, हा मार्ग देवानंच माझ्यासाठी आखलाय. अडचण एकच होती. आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी येते. घरबसल्या म्हणजे टाकीबसल्या.

थंडीत पहाटे पाचला मी कानटोपी, स्वेटर, त्यावर ह्यांचा जर्किन अशा वेषात टाकीशेजारी एका पायावर उभी राहायचे. वृक्षासन. हात डोक्यावर जोडलेले, तोंड पूर्वेला. समोरच्या राधाक्का म्हशीची धार काढायला त्याच वेळी बाहेर येतात. एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं, चौथ्या दिवशी गिरणीत बातमी: वैशालीनं कडक नवस बोललाय. कुणी म्हणालं पोरांसाठी, कुणी म्हणालं नवऱ्याच्या दुकानासाठी. मी घरोघर जाऊन खुलासा करायला निघाले तर आत्यांनी अडवलं.

"कशाला सांगत बसतीस? नवस म्हनलं तर लोक मान देत्यात. व्यायाम म्हनलं तर म्हनत्याल, हिला घरात काम न्हाई व्हय?"

घरात काम होतंच. फक्त ते आता दुसरेच करत होते! हे उठून कणीक मळायचे, ईश्वरी शंभूला तयार करायची, आत्या भाकऱ्या टाकायच्या. मला अपराधी वाटायचं, म्हणून एकदा मी म्हणाले, "आज वरण-भात माझ्याकडं," आणि कुकर लावून गच्चीवर गेले. त्या दिवशी नेमका भ्रामरी प्राणायाम होता. भ्रामरीत दोन्ही कानांत बोटं घालून भुंग्यासारखं गुणगुणायचं असतं. शिट्ट्या किती झाल्या ते गल्लीनं मोजलं, मला शेवटी वासानं कळलं.

पहिली पाठ ह्यांची. मला सरावाला कुणीतरी हवं होतं, हे बिचारे समोर होते. "पाय डोक्यामागं न्या, मी धरते," मी म्हणाले आणि हलासनाला जरासा हातभार लावला. चार दिवस हे दुकानात काटकोनात बसले होते. कुणी विचारलं तर सांगायचे, "पाच एचपीची मोटार उचलली एकट्यानं." बायकोनं उचलून आपटलं हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांचे उपकार विसरणार नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर सगळं ठीक चाललं होतं, मलासन सोडून. मलासन म्हणजे साधं उकिडवं बसणं. पण दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. माझ्या टेकत नव्हत्या. खुर्चीत अकरा वर्षं गेल्यावर टाचा सरकारी होतात, खाली येतच नाहीत. रोज मोबाईलमधून आवाज यायचा, "वैशालीताई, टाचा!" पुढं पुढं तर राधाक्का म्हशीखालून ओरडायला लागल्या, "वैशाले, टाचा म्हनत्यात त्या!"

वर्ष संपलं. परीक्षेची पहिली तारीख शंभूच्या कांजिण्यांत गेली, दुसरी दहावीच्या फॉर्ममध्ये. तिसऱ्या तारखेबरोबर निरोप आला: ही शेवटची, चुकली तर पुन्हा पहिल्यापासून वर्षभर. म्हणजे पुन्हा टाकी, पुन्हा कानटोपी, पुन्हा ह्यांची कणीक. माझ्यात तेवढी ताकद नव्हती आणि घरच्यांकडं मागायची तर तोंड नव्हतं.

परीक्षेचा नियम असा, की कधीच योग न केलेल्या किमान दहा विद्यार्थिनी जमवून त्यांना परीक्षकांसमोर तासभर शिकवायचं. दहातली एक साठीच्या पुढची हवी, कारण वयस्कर शरीराला आसन कसं सोपं करून देता तेही बघतात. मी शाळेतल्या दहा शिक्षिकांना पटवलं होतं. रविवारी चारला परीक्षा, आणि शनिवारी संध्याकाळी सहाला ग्रुपवर आदेश आला: उद्या रविवारी सर्व शिक्षकांचं निवडणूक प्रशिक्षण, गैरहजेरी खपवून घेतली जाणार नाही. दहाच्या दहा गेल्या!

मी ओट्यापाशी खाली बसले आणि रडले. योगशिक्षिकेनं कसं रडावं, श्वास घेऊन की सोडून, ते काही आठवलं नाही. नुसती रडले.

आत्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "किती बाया लागत्यात?"

"दहा. एक साठीच्या पुढची. आणि कधीच योग न केलेल्या."

"कधीच न केलेल्या व्हय? मंग काय, गाव भरलंय. उद्या चारला येत्याल."

"अहो आत्या, काय सांगून बोलावणार तुम्ही?"

"तुला काय करायचंय? तू तुजी परीक्षा बघ. जा, झोप."

आणि मी खरंच झोपले. या बाईनं "बघते" म्हटलं की ते होतं, एवढं चौदा वर्षांत मला कळलेलं होतं. कसं होतं, ते मात्र कधीच आधी कळत नाही.

रविवारी साडेतीनला परीक्षक केतकर मॅडम पुण्याहून आल्या. पांढरा कुडता, पांढरी सलवार, हातात फाईल, आणि चेहरा दहावीच्या भरारी पथकासारखा. मी त्यांना गच्चीवर खुर्ची दिली. ह्यांनी सकाळपासून गच्ची धुऊन, सतरंज्या अंथरून, टाकीला झेंडूची माळ घालून ठेवली होती. (टाकीला का, ते विचारू नका. "वर्षभर तीच तुझ्यासोबत होती," म्हणाले.)

चारला जिन्यावर पैंजण वाजले. पहिल्या राधाक्का. हिरवी काठपदराची साडी, नाकात नथ, केसात गजरा! मला वाटलं, लग्नाला चालल्यात, जाता जाता डोकावल्या. त्यांच्यामागं पारूबाई, जांभळ्या काठपदरात. त्यांच्यामागं अख्खी गल्ली. समोरच्या चर्चजवळ राहणाऱ्या मार्थामावशी, निवृत्त नर्स, त्याही नवी कोरी साडी नेसून. दहा, पंधरा, वीस... बत्तीस बायका मोजल्या आणि मी जिना उतरून धावत स्वयंपाकघरात गेले. आत्या चुलीवर पातेलंभर मसाला दूध आटवत होत्या. शेजारी परातभर तिळगूळ.

"आत्या! हे काय?"

"हळदीकुकू. अजून रथसप्तमी व्हायचीय की."

"हळदीकुंकू? आज माझी परीक्षा आहे!"

"मंग? योगाला या म्हनलं असतं तर एक तरी आली असती का? हळदीकुकवाला कुनी न्हाई म्हनत न्हाई." त्यांनी दूध ढवळलं. "आदी तुजा योगा, मंग वान. चाळीस डबे टाकीपाशी मांडून ठेवलेत. वान घेतल्याबिगर कुनी हलनार न्हाई, तासभर का दोन तास. जा आता वर!"

मी वर गेले तोवर वर भलतंच सुरू झालं होतं. बायकांनी केतकर मॅडमना पाहुणी समजून हळदीकुंकू लावलं होतं, हातावर अत्तर चोळलं होतं, आणि आता सगळ्या एका सुरात म्हणत होत्या, "नाव घ्या! नाव घ्या!" संपलं, म्हटलं. मॅडमनी फाईल मिटली, बायकांकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला:

"सूर्याला घालते नमस्कार रोज बारा,
अनिलरावांच्या घोरण्यापुढं फिका माझा ओंकार सारा!"

गच्चीवर असा हशा झाला की खाली म्हैस दचकली. मॅडम स्वतः हसल्या, मग कपाळावरच्या कुंकवासकट पुन्हा भरारी पथक झाल्या आणि म्हणाल्या, "सुरू करा. आधी मला यांतली साठीच्या पुढची विद्यार्थिनी दाखवा."

मी बायकांकडं वळले. "साठीच्या पुढचं कोण आहे?"

बत्तीस बायका, त्यांतल्या निम्म्या नातवंडांच्या बारशाचे पेढे वाटून मोकळ्या झालेल्या, आणि एकीचाही हात वर नाही.

"राधाक्का?" मी म्हणाले.

"मला चोपन्नावं चालू हाय," राधाक्का म्हणाल्या. त्यांच्या थोरल्या मुलाला पन्नासावं चालू आहे.

"पारूबाई?"

"माजा जन्माचा दाखलाच न्हाई बाई."

मी मार्थामावशींकडं आशेनं बघितलं. ही बाई निवृत्त होऊन पेन्शन घेते! त्या पदर सावरत म्हणाल्या, "मी लवकर रिटायर झालते."

आता मी कारकून आहे. राधाक्कांचा शाळेचा दुय्यम दाखला गेल्या वर्षी मीच काढून दिलाय, जन्मतारीख मला पाठ आहे. माझ्या तोंडून निघालंच, "राधाक्का, अहो तुमचा दाखला तर मी..."

राधाक्कांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, की मी पुढचे शब्द गिळले. मॅडमनी घड्याळ बघितलं. त्यांचं पेन कागदाच्या एका चौकटीवर येऊन थांबलेलं मला दिसत होतं. बाराशे पहाटांचा, नाही, तीनशेच असतील, पण मला तेव्हा बाराशे वाटल्या, त्या सगळ्या पहाटांचा निकाल एका वयाच्या दाखल्यावर अडला होता!

"मी हाय," जिन्यातून आवाज आला. "अडुसष्ट पुरी झाली मला."

आत्या. हातात दुधाची किटली, पदर खोचलेला, रोजचं विटकं लुगडं. किटली खाली ठेवून त्या आल्या आणि बायकांच्या मध्ये उभ्या राहिल्या. कुणी काही बोललं नाही.

त्या गप्पगार होण्याचं कारण सांगते. मामंजी जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरी हळदीकुंकू झालं की आत्या दूध आटवणार, तिळगूळ वळणार, वाण मांडणार आणि बायका आल्या की स्वयंपाकघरात जाऊन बसणार. कुणी त्यांना बसू नका म्हटलं नव्हतं. पण कुणी बसा, असंही म्हटलं नव्हतं. मी पदवीधर, दाखले देणारी, श्वासावर भाषण देणारी, मीही नाही. मला त्या क्षणी माझीच फार लाज वाटली. सगळ्या जागा भरल्या होत्या, म्हणून मी माझी चटई उचलून त्यांच्यापुढं अंथरली.

"सरक की गं कडंला," राधाक्का पारूबाईंना म्हणाल्या, "तिला सरळ हुबं ऱ्हाऊ दे." आणि वर्ग सुरू झाला.

मी पाठ केल्याप्रमाणं सुरुवात केली. "मेरुदंड ताठ. दृष्टी नासिकाग्री स्थिर."

बत्तीस चेहरे कोरे. आत्यांनी मागं वळून सांगितलं, "म्हंजी कना सरळ करा अन् नाकाच्या शेंड्याकडं बघा." बत्तीस नथी एकदम दिसल्या असाव्यात, कारण जी ती आपली नथ सारखी करायला लागली.

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पाठांतर सोडलं. "चिंचा पाडायला कशा टाचा उचलून हात वर करता, तसं करा!" म्हणाले, आणि चौसष्ट हात बांगड्यांसकट आभाळात गेले. काय आवाज झाला बांगड्यांचा! एकच हात अर्ध्यात थांबला होता. आत्यांचा उजवा. खांद्याच्या वर जातच नव्हता.

"येवढाच जातो," त्या हळूच म्हणाल्या.

चौदा वर्षं एका घरात राहतो आम्ही. आत्या रोज ईश्वरीला हाक मारतात, "तेवढा वरचा डबा काढ गं," आणि मी मनात म्हणायचे, काय बाई हुकूम सोडते! मी जगाचे खांदे सोडवायला निघाले होते आणि माझ्या स्वयंपाकघरातला हा खांदा मला दिसला नव्हता. मी त्यांना टाकीपाशी नेलं, भिंतीवर बोटं टेकवली आणि म्हटलं, "मुंगी चढते तशी चढवा बोटं. दुखलं की थांबायचं. श्वास सोडला की अजून एक पाऊल." त्या चढवत गेल्या. खांद्याच्या वर दोन बोटं गेल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला परीक्षा चालू आहे याचा विसर पडला.

ती तंद्री मॅडमनी मोडली. "आता मलासन करून दाखवा."

मी टाकीपाशीच उकिडवी बसले. हात जोडले. टाचा वर. वर्षाची तपश्चर्या पणाला लावून मी त्या खाली दाबल्या. टाचा टेकल्या! पूर्ण टेकल्या! आणि टाचा टेकल्याबरोबर मी उरलेली सगळी मागं गेले, ती थेट वाणाच्या चाळीस स्टीलच्या डब्यांवर! काय तो आवाज! एक डबा गडगडत जिन्याकडं गेला आणि एकेक पायरी ठण ठण वाजवत खाली उतरला. तो तळाला पोचेपर्यंत गच्चीवर कुणीही श्वास घेतला नाही. (याला शास्त्रात कुंभक म्हणतात.) घरातली दुसरी धरलेली पाठ ती हीच.

"हे व्हय मलासन?" राधाक्कांनी विचारलं. "अगं, आमी खुरपायला दिसभर असंच बसतो!"

आणि काठपदर सावरून बत्तीसच्या बत्तीस जणी खाली बसल्या. टाचा टेकलेल्या, पाठी ताठ, चेहऱ्यावर कसलाही ताण नाही. बसल्या बसल्या पारूबाईंनी कांद्याच्या रोपाचा विषयसुद्धा काढला. मी डब्यांत आडवी पडून ते दृश्य बघत होते. माझ्या पुस्तकात या आसनाचं जे चित्र आहे, ते इतकं चांगलं नाही.

तास संपला. मॅडम माझ्याजवळ आल्या. "एक विचारू? या बायका नक्की कशासाठी आल्यात?"

खोटं बोलायची ताकद माझ्या पाठीत उरली नव्हती. "हळदीकुंकवाला, मॅडम."

"मला कुंकू लावलं तेव्हाच कळलं ते." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "विद्यार्थिनी नवख्या हव्यात असा नियम आहे. फसवून आणू नयेत असं कुठं लिहिलेलं नाही. सुरुवातीची दहा मिनिटं तुम्ही पुस्तक वाचत होतात. मुंगीपासून शिकवायला लागलात."

मग वाण. पोचे आलेले डबे मी आधी घरच्यासारख्या माणसांना वाटले, म्हणजे राधाक्कांना आणि मार्थामावशींना. (मार्थामावशी कुंकू लावून घेत नाहीत, तिळगूळ मात्र दोनदा घेतात.) शेवटी माझ्या हातात एक चांगला डबा उरला आणि समोर आत्या उभ्या होत्या. माझा हात पुढं होईना. बायका काय म्हणतील, त्यांना काय वाटेल, कुंकवाचं काय करायचं, सगळं एकदम मनात आलं.

"अगं दे की!" राधाक्का कडाडल्या. "का तिलाबी टाचा टेकाय लावतीस आदी?"

मी डबा पुढं केला. आत्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडून बघितलं, बोटानं वाजवून बघितला. "कुकू नगं," म्हणाल्या. "डबा चांगला हाय." आणि पदराला डोळे पुसत दुधाची किटली उचलून सगळ्यांना दूध वाढायला लागल्या. मी तिथंच उभी राहून पुन्हा रडले. या वेळी श्वासाचा विचार केला नाही.

महिन्याभरानं टपालानं प्रमाणपत्र आलं. माझं नाव, माझ्या नावाचा दाखला! मी तो शंभरदा वाचला. ह्यांनी त्याच संध्याकाळी फ्रेम करून बैठकीत लावलासुद्धा. फक्त सोबत आलेला शेऱ्याचा कागदही त्यांना प्रमाणपत्राचाच भाग वाटला, तो शेजारी त्याच फ्रेममध्ये बसवलाय. आल्यागेल्या प्रत्येकाला वाचता येतो: "संवाद उत्तम. ज्येष्ठांची काळजी उत्तम. मलासनाचा स्वतः सराव करावा."

आता रोज सकाळी सहाला गच्चीवर माझा वर्ग असतो. वर्ग कुणी म्हणत नाही, सगळ्या "वैशालीचं हळदीकुकू" म्हणतात आणि महिनाअखेरीला वाण विचारतात. आत्या पहिल्या रांगेत बसतात. परवा मी स्वयंपाकघरात आले तर त्या वाणाचा डबा वरच्या फळीवर ठेवत होत्या, स्वतःच्या उजव्या हातानं. "कुनाला हाक मारली न्हाई आज," एवढंच म्हणाल्या. माझ्या लेखी खरा दाखला तो. हे, ईश्वरी, ती टाकी, त्या बत्तीस नथी आणि चुलीपाशी बसून माझी परीक्षा पास झालेली ही बाई, यांचे उपकार कोणत्या नमुन्यात भरायचे ते मला अजून कळलेलं नाही.

माझ्या वर्गातल्या सगळ्या विद्यार्थिनींच्या टाचा टेकतात. त्यात माझं काही नाही, येतानाच टेकलेल्या असतात. मी समोर बसून शांत आवाजात म्हणते, "डोळे मिटा, श्वासाकडं लक्ष द्या," आणि पहिल्या रांगेतून डोळे मिटलेल्या आत्या म्हणतात, "वैशाली, टाचा!" शिक्षिकेच्या टाचांचं प्रकरण अजून प्रलंबित आहे.